काटा हलतो का?

मंडळी, मागे आपल्या अंकात कुणीतरी परसातल्या मेथीबद्दल लिहिलं होतं. ते वाचून आमच्या सौ.नी उत्साहाने वाफा केला आणि आयर्लंडच्या गोगलगायींनी तो आठ दिवसांत फस्त केला. तेव्हा आमच्या परसात मेथी नाही. एक लाकडी शेड आहे आणि त्या शेडमध्ये एक बुलेट मोटरसायकल आहे. प्रत्येकाने आपल्या परसात जे आहे त्यावर लिहावं, या न्यायाने मी बुलेटवर लिहितो आहे. खरं म्हणजे बुलेटवरही नाही, तिच्यातल्या मुठीएवढ्या एका डब्यावर. त्याला इग्निशन कॉइल म्हणतात. यंत्रांचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनीही पान उलटू नये, कारण या गोष्टीत माझे वडील आहेत.

आम्ही २००२ साली आयर्लंडला आलो आणि गेली बरीच वर्षं किल्डेअर परगण्यातल्या मेनूथ या गावी राहतो. डब्लिनहून आगगाडीने तासाच्या आत येणारं हे कॉलेजचं गाव. गावातून रॉयल कॅनॉल वाहतो आणि वर्षातले बरेच दिवस वरूनही काहीतरी वाहतच असतं. २०१८ च्या सप्टेंबरात आमच्या गल्लीतले एक आयरिश आजोबा घर आवरून मुलीकडे कॉर्कला राहायला निघाले. आवराआवरीत त्यांनी मला हाक मारली. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकलेलं काहीतरी होतं. ताडपत्री ओढून ते म्हणाले, "ही तुमच्याच देशाची आहे. तुझ्याकडेच बरी राहील."

बघतो तर काय, बुलेट! १९८८ ची, साडेतीनशे सीसीची, चेन्नईची (तेव्हाच्या मद्रासची). मूळ कंपनी इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासला बुलेट बनवून घेऊ लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासचा चालूच राहिला, आणि १९७७ पासून आपलीच बुलेट उलट इंग्लंडला निर्यात व्हायला लागली. तिथून ही बाई आयरिश समुद्र ओलांडून इकडे आली. माझ्याहून चौदा वर्षं आधी निघालेली, वाटेत कुठे कुठे राहिलेली, आणि आता गंजलेल्या चाकांवर मेनूथला उभी. मला तिचं फार वाईट वाटलं. पैशांची बोलणी पाच मिनिटांत उरकली. सौ.नी विचारलं, "चालते का?" मी म्हणालो, "चालेल." भविष्यकाळ आणि वर्तमानकाळ यांतला फरक मराठी नवऱ्यांना चांगला कळतो. (बायकांना त्याहून चांगला कळतो.) शिवाय तीस वर्षं पूर्ण झालेल्या मोटरसायकलला इथे विंटेज म्हणतात आणि तिचा रोड टॅक्स वर्षाला फक्त २६ युरो, हा मुद्दा मी जेवताना दोनदा मांडला.

खरं कारण वेगळं होतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकला एसटीच्या वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होते. एसटीच्या गाड्या डिझेलवर चालणाऱ्या. डिझेल इंजिनाला ना स्पार्क प्लग ना कॉइल. दाबानेच ते पेट घेतं. तेव्हा आठवडाभर अण्णा डायनामो, सेल्फ स्टार्टर आणि बॅटऱ्या यांत असत आणि रविवारी नाशिकरोडच्या आमच्या चाळीसमोर कॉलनीतल्या तमाम स्कूटर-मोटरसायकली त्यांची वाट बघत उभ्या असत. ठिणगी हा त्यांचा रविवारचा षौक होता. लोकांच्या बुलेट त्यांनी किती दुरुस्त केल्या याची गणती नाही. त्यांची स्वतःची गाडी मात्र लुना. बुलेट घ्यायची ऐपत आली तोवर माझ्या इंजिनिअरिंगची फी आली.

त्यांच्याकडे काट्याचा मल्टीमीटर होता, आमच्या नाशिकरोडच्याच मोटवाने कंपनीचा. चामड्याच्या पेटीत असायचा आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी होती. मी परदेशी निघालो तेव्हा अण्णांनी काही न बोलता तो माझ्या बॅगेत, भाजणीचं पीठ आणि चिवडा यांच्या मधोमध ठेवला. "तिकडे काय करू मी याचं?" असं मी विचारलं तर म्हणाले, "असू दे. मोजायला लागतं कधी कधी." मुंबई विमानतळावर त्याने अर्धा तास खाल्ला. आधी पीठ संशयास्पद, त्यात तारा असलेली पेटी! पुढे सोळा वर्षं तो आमच्या कपाटात पडून होता.

बुलेट सुरू करायला मला तीन शनिवार लागले. ती सुरू करण्याचा एक विधी आहे आणि तो पूजेसारखा क्रमानेच करावा लागतो. हेडलाइटच्या वर एक छोटा अँमीटर असतो. चावी फिरवली आणि आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन ठिपके, मिटलेले असले की अँमीटरचा काटा डावीकडे कलतो: बॅटरीतून करंट कॉइलमध्ये चालला आहे. डीकॉम्प्रेसरची दांडी दाबून किक हळूहळू खाली न्यायची, काटा मध्यावर आला की थांबायचं, दांडी सोडायची आणि मग मनोभावे लाथ मारायची. चौथ्या शनिवारी ती धडधडायला लागली आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले. मी व्हिडिओ कॉल करून अण्णांना आवाज ऐकवला. ते काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "बघ, तोंड बघ यांचं."

पण सुख फार टिकलं नाही. गाडी वीस मिनिटं उत्तम चालायची आणि मग दिवा विझावा तशी बंद पडायची. न खोकता, न अडखळता. अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभं राहावं की पुन्हा पहिल्या किकला सुरू! आयर्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला मोटरसायकल घेऊन उभं राहिलात तर तुम्ही एकटे राहत नाही. प्रत्येक दुसरा माणूस गाडी थांबवतो, "ठीक आहेस ना?" म्हणतो आणि मग आपल्या काकाच्या होंडा फिफ्टीची गोष्ट सांगतो. आपल्याकडे लुनाचं जे स्थान होतं ते इथल्या खेड्यापाड्यांत होंडा फिफ्टीचं. अशा किती काकांच्या किती होंडा मी त्या महिन्यात ऐकल्या! दुरुस्तीचे सल्लेही मिळाले. मी प्लग बदलला, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. गाडीचा हेका कायम. वीस मिनिटं.

शेवटी संशयाची सुई कॉइलवर आली आणि मी कपाटातून मीटर काढला. नवे सेल घातले. एका अंधाऱ्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी कॉइल सोडवून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. चौदा वर्षांची आमची कन्या समोर अभ्यास करत होती. तिच्या शाळेत तेव्हा ओहमचा नियमच चालला होता, त्यामुळे तिने वही मिटून माझा ताबा घेतला.

कॉइल म्हणजे तसं काही अवघड प्रकरण नाही. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे. एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा, त्याला प्रायमरी म्हणतात. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा, तो सेकंडरी. प्रायमरीत बॅटरीचा करंट सोडायचा म्हणजे गाभ्यात चुंबकत्व साठतं. मग पॉइंट उघडून तो करंट झटकन तोडायचा. चुंबकत्व कोसळतं आणि त्या धक्क्याने सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. ते प्लगच्या फटीतून उडी मारतात, ती ठिणगी. गंमत अशी की ठिणगी जोडण्यातून होत नाही, तोडण्यातून होते.

मोजण्याची पद्धत अण्णांच्या हाताखाली बघून पाठ होती. कॉइलच्या सगळ्या तारा सोडवायच्या, नाहीतर मीटर गाडीतल्या भलत्याच वाटांनी फिरून येतो आणि भलतंच सांगतो. मीटर ओहमवर घ्यायचा. दोन्ही टोकं एकमेकांना लावून काटा शून्यावर आणायचा, त्यासाठी छोटं बटण असतं. काट्याखाली आरशाची पट्टी आहे. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मग आकडा वाचायचा. मग प्रायमरीच्या दोन स्क्रूंना दोन टोकं. काटा सरकला आणि साडेतीन ओहमच्या आसपास थांबला. "बारा भागिले साडेतीन," कन्या म्हणाली, "म्हणजे साडेतीन अँपिअरला थोडं कमी." पॉइंटवाल्या बारा व्होल्टच्या कॉइलला तीन ते पाच ओहम हवेत, म्हणजे प्रायमरी पास.

सेकंडरीला मीटर हजाराच्या पट्टीवर घेतला. एक टोक प्रायमरीच्या स्क्रूला, दुसरं प्लगच्या वायरच्या टोकाला. पंधरा हजार! या जातीच्या कॉइलला दहा हजारांच्या आसपास अपेक्षित असतात. मी विजयाने ओरडलो, "सापडली! कॉइल गेली!" सौ. भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे न बघता विचारलं, "ती टोपी काढून मोजलंत का?" आता यांना काय कळतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण प्लगची टोपी वायरला तशीच होती. आसपासच्या रेडिओत खरखर येऊ नये म्हणून त्या टोपीत पाच हजार ओहमचा रोध बसवलेला असतो. टोपी पिळून काढली. काटा बरोबर दहा हजारांवर. शेवटी एक टोक स्क्रूला आणि एक कॉइलच्या धातूच्या अंगाला लावून पाहिलं, आत कुठे गळती आहे का. काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नाही. (टोपीचं त्यांना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "मला काय ठाऊक! आपलं, वजन करताना डब्याचं झाकण काढतो ना, तसं वाटलं.")

कॉइल सर्व विषयांत उत्तीर्ण. मी हिरमुसलो. कन्या मात्र म्हणाली, "बाबा, ही कॉइल मेनूथचीच आहे, माहितीये?" मला वाटलं ती मद्रासबद्दल काहीतरी चुकतेय. पण ती सांगत होती ते खरं होतं, आणि इतकी वर्षं या गावात राहून मला ते माहीत नव्हतं, याची लाज वाटली. विद्यापीठात कॅलन बिल्डिंग आहे, तिच्यावरून मी शेकडो वेळा गेलो होतो. कॅलन म्हणजे कुणी देणगीदार असावा अशी माझी समजूत.

निकोलस कॅलन हा कॅथलिक धर्मगुरू. जन्म १७९९, लाउथ परगण्यातला. १८२६ पासून मेनूथच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात, म्हणजे पाद्री घडवण्याच्या पाठशाळेत, तो पदार्थविज्ञान शिकवायचा. १८३६ साली त्याने इथे, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, जाड तारेवर बारीक तार गुंडाळून पहिली इंडक्शन कॉइल बनवली. करंट जितक्या झटक्यात तोडावा तितका धक्का मोठा, हे ओळखून त्याने घड्याळाच्या भागांपासून तो भराभर जोडण्या-तोडण्याची युक्तीही केली. म्हणजे आमच्या बुलेटच्या पॉइंटचे पणजोबाच ते! व्होल्ट मोजायचा मीटर त्या काळी त्याच्याकडे नव्हता. मग तो काय करायचा? विद्यार्थ्यांना झटका द्यायचा आणि ते किती उडतात ते बघायचा. एकदा एक विद्यार्थी बेशुद्ध पडला आणि तोच पुढे डब्लिनचा आर्चबिशप विल्यम वॉल्श झाला, असं सांगतात. त्यानंतर म्हणे कॅलनने टर्की पक्ष्यांवर प्रयोग सुरू केले. मंडळी, मल्टीमीटरची खरी किंमत कळायला मेनूथचे ते टर्की आठवावेत.

श्रेय मात्र बिचाऱ्याला मिळालं नाही. पॅरिसच्या रुमकॉर्फ नावाच्या उपकरणं बनवणाऱ्याने पुढे १८५१ मध्ये पेटंट घेतलं, त्याच्याच नावाने कॉइल जगभर गेली. कॅलन वारला १८६४ साली, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या सम्राटाने रुमकॉर्फला ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही नाव होतं ते रुमकॉर्फचंच. कॅलनची बाजू जगापुढे नीट मांडली गेली ती १९३६ मध्ये, शंभर वर्षांनी, मेनूथच्याच एका प्राध्यापकाकडून. त्याच्या कॉइल इथल्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिल्या. गाडीच्या चाकाएवढा एक वेढा बघून मला एकदम अण्णांची आठवण झाली. त्यांनी तो आधी उचलून बघितला असता.

रविवारी फोनवर अण्णांना सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी आधी विचारलं, "टाकीचं झाकण उघडून बघितलंस का? त्याचं भोक बुजलं तर पेट्रोल उतरत नाही. अशीच वीस मिनिटांनी बंद पडते." बघितलं होतं. मग म्हणाले, "बंद पडते तेव्हा काटा काय करतो?"

"कुठला काटा?"

"अरे शहाण्या, अँमीटरचा! तुझ्या नाकासमोर असतो. गाडी बंद पडली, लाइट बंद केलास, किक हळू फिरवलीस, तर काटा हलतो का?"

मी कधी बघितलंच नव्हतं. गाडी बंद पडली की मी खाली प्लगकडे बघायचो.

"आणि कॉइल मोजलीस ती कुठे? टेबलावर? रात्रभर गार झालेली?" अण्णा हसले. "थंड कॉइल सगळ्यांचीच चांगली असते रे. तार आत तुटलेली असते, पण टोकाला टोक टेकलेलं असतं. गरम झाली, धातू सरकला, की सुटतं. गार झाली की परत टेकतं. दुखणं ज्या वेळी होतं त्या वेळी मोजायचं. आणि अजून एक लक्षात ठेव. तुझ्या मीटरमध्ये सेल किती व्होल्टचे? दीड, फार तर नऊ. गाडी त्याच कॉइलमधून वीस हजार काढते. मीटर 'वाईट' म्हणाला तर वाईट समज. 'चांगली' म्हणाला तर एवढंच समज, की त्याला काही दिसलं नाही."

पुढच्या शनिवारी मीटर पाठीवरच्या पिशवीत टाकून निघालो. कॅनॉलच्या कडेकडेने किलकॉककडे. किलकॉक आमच्याहून जेमतेम सहा किलोमीटर, म्हणून दोन फेऱ्या मारल्या. बरोबर त्या गावच्या बंदरापाशी (कॅनॉलला तिथे एक छोटं बंदर आहे) गाडी विझली. लाइट बंद केला. चावी चालू. किक हातानेच हळूहळू खाली दाबली, एकदा, दोनदा, तीनदा. काटा मध्यावर गप्प. पॉइंट मिटत होते, उघडत होते, काट्याला पत्ता नाही. धडधडत्या छातीने कॉइलपाशी व्होल्ट मोजले: बारा येत होते. म्हणजे दारापर्यंत वीज येतेय आणि आत शिरत नाहीये. दोन्ही तारा सोडवल्या, बोट भाजलं, मीटर ओहमवर घेतला आणि प्रायमरीला लावला. टेबलावर साडेतीन ओहम सांगणारा काटा आता जागचा उठायला तयार नव्हता. मी टोकं तशीच धरून पाऊसभुरभुरीत बसून राहिलो. तांब्याचा रोध तापल्यावर थोडा वाढतो हे खरं, पण साडेतीनचे फार तर चार-सव्वाचार व्हावेत. हे तर सरळ तुटलेलं. आणि मग दहा-बारा मिनिटांनी काटा थरथरला आणि एका झेपेत साडेतीनच्या जरा पुढे येऊन उभा राहिला. तार टेकली होती. कुत्रं फिरवायला आलेले एक गृहस्थ थांबले, "ठीक आहेस ना?" मी म्हणालो, "उत्तम!" आणि त्यांना अख्खी गोष्ट सांगितली. त्यांना होंडा फिफ्टीची सांगायला मी संधीच दिली नाही.

नव्या कॉइलची कथा थोडक्यात. जवळच्या एका दुकानात बारा व्होल्टची कॉइल मिळाली, हुबेहूब तशीच. पण आता मी शिकलो होतो. काउंटरवरच मीटर काढून मोजली: दीड ओहम. ती निघाली गाडीत वेगळा रोध जोडून वापरायची. आमच्या बुलेटला तशीच लावली असती तर बारा भागिले दीड म्हणजे आठ अँपिअर ओढून पॉइंट जाळून बसली असती. दुकानदाराने आतून तीन ओहमची आणून दिली आणि त्या काट्याच्या मीटरकडे असा बघत राहिला की मी त्याला नाशिकरोडची थोडी माहिती दिली.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

कॉइल बसवल्याची बातमी द्यायला रविवारी फोन केला तर आईने उचलला. अण्णा दूध आणायला गेले होते. नोव्हेंबरात आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेपाच तासांचं अंतर, म्हणजे तिकडे दुपार टळलेली. आई इकडचं तिकडचं बोलली आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबतात रे. खालच्या काकूंशी बोलतात. यांना कधी कुणाशी बोलायची आवड होती? मी गॅलरीतून ऐकते. नुसतं 'काय, कसं काय' म्हणतात आणि उभे राहतात." आईबाबा तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. अण्णांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर.

"डॉक्टरला दाखवलं?"

"गेले होते मागच्या महिन्यात एकटेच. कार्डिओग्राम सरळ आला म्हणून सांगितलं. कागद दाखवला मला."

तेवढ्यात दार वाजलं. अण्णा आले. धाप ऐकू येत होती, किंवा मला आता ऐकू यायला लागली होती. दर रविवारी मी विचारायचो, "तब्येत कशी?" आणि दर रविवारी खुर्चीत बसलेले अण्णा सांगायचे, "ठणठणीत." सोळा वर्षं मी ते खरं मानत आलो होतो. आणि खोटं काय होतं त्यात? त्या खुर्चीत ते ठणठणीतच असायचे.

मी म्हणालो, "अण्णा, कार्डिओग्राम काढला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? कॉटवर झोपलो होतो. आडवं करतातच ते."

"किती वेळ झोपला होतात?"

"असेन दहा मिनिटं. का?"

"म्हणजे गार झालेले होतात."

पलीकडे शांतता. इतकी की फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीन बघितला. अण्णा तिथेच होते, चष्मा काढून हातात धरलेला. मी पुढे काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, शिकवणी त्यांचीच होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जिना चढतानाच होतं. डाव्या बाजूला. थांबलं की जातं." मग जरा चिडून, "तू मला माझंच ऐकवायला लागलास."

त्याच आठवड्यात आतेभावाने त्यांना नेलं. तिथे पट्ट्यावर चालवत चालवत कार्डिओग्राम काढतात. आई सांगते, तिथल्या मुलाला अण्णांनी आधी पट्ट्याची मोटर किती हॉर्सपॉवरची ते विचारलं. सहाव्या मिनिटाला डॉक्टरांनी पट्टा थांबवला. नंतर अँजिओग्राफी. दोन ठिकाणी अडथळा. झोपून काढलेला कार्डिओग्राम अशा वेळी साफ सरळ येऊ शकतो, असं डॉक्टरांनी मला फोनवर समजावून सांगितलं. मी "हो, हो" म्हणत होतो. मला ते किलकॉकच्या बंदरावर कळून चुकलं होतं. डिसेंबरात स्टेंट बसले. मी दोन आठवड्यांची रजा काढून गेलो. हॉस्पिटलच्या खोलीत अण्णांनी बुलेटचे फोटो एकेक करून मोठे करून बघितले आणि बॅटरीची निगेटिव्ह तार कशी चुकीच्या जागी बांधली आहे ते दाखवलं.

तुटलेली कॉइल मी बरोबर नेली होती. घरी आल्यावर त्यांनी ती कानस घेऊन कापली. आतल्या काळ्या डांबरातून तार उलगडत उलगडत दुपारभर बसले आणि शेवटी टोकापाशी, जिथे ती स्क्रूला डाग देऊन जोडलेली असते तिथे, तुटलेली जागा सापडली. भिंग लावून दाखवली मला. केसभर फट. "बघ," म्हणाले, "एवढीशी." आईने चहा आणला आणि तो पसारा बघून काहीच बोलली नाही, यावरून घरात काय दिवस गेले असतील ते मला कळलं.

मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सुट्टीच्या दिवशी, इकडे ऊन पडलं होतं. शेडमधून गाडी काढली, सुरू केली आणि फोन सायलेन्सरपाशी धरला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"टायमिंग जरा मागे आहे," ते म्हणाले. "आणि एक टॅपेट वाजतोय. काटा हलतो ना नीट?"

"हलतो. तुमचं काय? जिना?"

"तिसरा मजला. न थांबता."

मागून आईचा आवाज आला, "काही नाही हं, एकदा थांबतात अजून. पण आता सांगून थांबतात."